ताई, तुम्ही आता नाचत नाही?

शनिवारी संध्याकाळी मुलींना क्लासला सोडायला आलेले पालक माझ्या खोलीत डोकावतात, फीचं काहीतरी बोलतात आणि जाता जाता दारात थांबून विचारतात, "ताई, तुम्ही आता स्वतः नाचतच नाही? इतकं नाव होतं तुमचं. नुसतं ऑफिस सांभाळून कसं करमतं?" विचारणाऱ्याच्या आवाजात माया असते, त्यामुळे राग येत नाही. पण उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. मग मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "या कोण?" कथकच्या क्लासात बॅलेचे बूट घातलेली बाई बघून नवल वाटणारच.

तुम्ही विचारलंत म्हणून आज दोन्हींचं उत्तर लिहिते.

ती अलिसिया आलोन्सो. क्युबाची, हवानाची. १९२० साली जन्मली, २०१९ साली अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली. मी तिला कधी पाहिलं नाही. तिची माझी ओळख अंथरुणात झाली, म्हणजे मी अंथरुणात असताना.

पस्तिसाव्या वर्षी एका कार्यक्रमात चक्करदार परण, म्हणजे तीनदा फिरून समेवर येणारी बोलांची रचना, चालू असताना माझा डावा पाय जमिनीवर टेकला आणि गुडघा तसाच फिरत राहिला. आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. लहरा, म्हणजे तालाची फेरी धरून ठेवणारी हार्मोनियमची धून, वाजतच होता. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली, मी खाली बसलेली होते. लिगामेंट तुटली होती. ऑपरेशन झालं, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टर स्वच्छ बोलले: चालाल, जिने चढाल, थोडं शिकवालही, चक्कर, म्हणजे गिरक्या, मात्र विसरा. वयाच्या सातव्या वर्षापासून ज्या गोष्टीवर दिवस उभा राहायचा ती त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवली. त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायला जी फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची, ती लहानपणी मुंबईत बॅले शिकलेली होती. गुडघा वाकवताना मी रडायला लागले की ती मला अलिसियाची गोष्ट थोडी थोडी सांगायची. नंतर मी स्वतः शोधून वाचली.

फर्नांदो आलोन्सो या तरुण नर्तकाशी सोळाव्या वर्षी लग्न करून ही मुलगी न्यूयॉर्कला आली. एक मुलगी झाली. ब्रॉडवेच्या संगीतिकांत नाचून पोट भरलं, नव्या निघालेल्या 'बॅले थिएटर' या कंपनीत १९४० साली जागा मिळाली. आणि १९४१ मध्ये, विशी-एकविशीत, तिच्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशनं झाली, ती पुरती साधली नाहीत. तिसरं हवानात झालं आणि डॉक्टरांनी वर्षभर अंथरुणावर हालचाल न करता पडून राहायला सांगितलं. डोकं हलवायचं नाही. हसायचं नाही, रडायचं नाही, नीट चावून खायचंही नाही. तीन वर्षांच्या लेकीशी खेळायला मनाई.

त्या वर्षी ती 'जिझेल' शिकली.

'जिझेल' म्हणजे बॅलेतली फार जुनी, फार अवघड भूमिका. पहिल्या अंकात खेड्यातली एक भाबडी पोर, प्रेमात फसवणूक झाल्यावर वेड लागून मरते. दुसऱ्या अंकात तीच मुलगी आत्मा होऊन येते आणि तिच्या पायांना वजनच उरलेलं नसतं. फर्नांदो रोज पलंगाशेजारी बसायचा आणि बोटांनी तिला एकेक पदन्यास दाखवायचा. मग तिची बोटं चादरीवर नाचायची. दोन बोटं म्हणजे दोन पाय.

आमच्यातल्या कुठल्याही मुलीला हे लगेच कळेल. बसमध्ये, गणिताच्या तासाला बाकाखाली, पंगतीत पान वाढून होईपर्यंत आमची बोटं मांडीवर चालूच असतात. तोंडात पढंत, म्हणजे बोल म्हणणं, आणि बोटांत तत्कार, म्हणजे पायांचं काम. पण आमची बोटं खेळतात ते पाय थोड्या वेळानं खरंच नाचणार असतात म्हणून. अलिसियाच्या पायांचं काय होणार हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

२ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये जिझेल करणारी नर्तकी अलिसिया मार्कोव्हा आजारी पडली, आणि आयत्या वेळी ही दुसरी अलिसिया नर्तक अँटन डोलिनबरोबर जिझेल म्हणून उभी राहिली. त्यानंतर जिझेल तिची झाली ती कायमची.

गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात. जिद्द बघा, म्हणतात. मलाही पहिल्यांदा ऐकताना तेवढंच ऐकू आलं, आणि खरं सांगते, त्यानं मला बळ आलं नाही. उलट अपराधी वाटलं. तिचे पाय शाबूत होते, माझा गुडघा नव्हता. जिद्दीनं लिगामेंट शिवली जात नाही. महिनाभरानं रात्री झोप येईना तेव्हा तीच गोष्ट मनात परत आली आणि या वेळी मला खोलीतला दुसरा माणूस दिसला. शेजारी बसलेला. स्वतः नर्तक, पंचविशीच्या आतबाहेरचा, अंगात नाच भरलेला. तो आपला नाच दोन बोटांत आणून बायकोला देत होता. ती उठेल की नाही याची खात्री नसताना रोज.

माझ्या डोक्यात त्या रात्री काहीतरी हललं. आमच्या बाई, म्हणजे माझ्या गुरू, आयुष्यभर हेच तर करत आल्या होत्या. मी बघितलं होतं ते फक्त स्वतःचं नाचणं. त्यांचं भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाच्या दारात उभं राहणं, तबलजींचं मानधन वेळेवर देण्यासाठी स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवणं, हे मला माहीत होतं, पण ते नाचाच्या बाहेरचं वाटायचं.

अलिसियाची नजर पुढे कधीच नीट परत आली नाही. कडेचं दिसायचं नाही. रंगमंचावर वेगवेगळ्या रंगांचे प्रखर दिवे लावत, त्यावरून ती जागा ओळखायची. समोरच्या कडेला कमरेइतक्या उंचीवर तार बांधत, पुढे गेली तर कळावं म्हणून. जोडीदारानं ठरल्या क्षणी ठरल्या जागी असायचं, एक पाऊल इकडेतिकडे चालायचं नाही. नृत्यरचनाकार बॅलंशिननं १९४७ मध्ये 'थीम अँड व्हेरिएशन्स' हे बॅले रचलं ते तिच्यासाठी आणि तिचा जोडीदार इगोर युस्केविचसाठी. विलक्षण वेगाची, अवघड रचना. ती अशा डोळ्यांनी नाचली. लोक टाळ्या तिला देत होते, पण दिवेवाला, तार बांधणारा, हात पुढे करणारा युस्केविच, एवढ्यांच्या भरवशावर ते उभं होतं. मला वाटतं, हे जिला रोज रात्री अंगानं कळतं तिला संस्था म्हणजे काय हे वेगळं शिकावं लागत नाही.

१९४८ च्या ऑक्टोबरात तिनं, फर्नांदोनं आणि दीर अल्बर्तोनं हवानात स्वतःची बॅले कंपनी काढली. नर्तक बरेचसे न्यूयॉर्कहून आणलेले. उसन्या नर्तकांवर कंपनी टिकत नाही हे लवकर कळलं असावं, कारण दोनच वर्षांनी शाळा निघाली. पैसे नसायचेच. १९५६ मध्ये क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता याच्या सरकारशी बिनसलं, अनुदान गेलं. ती झुकली नाही. विद्यापीठाच्या मैदानात निरोपाचा प्रयोग केला आणि बातिस्ता आहे तोवर क्युबात नाचणार नाही म्हणून बाहेर पडली. १९५९ मध्ये क्रांती झाली, कॅस्ट्रोच्या सरकारनं दोन लाख डॉलर दिले आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. मग बॅले कारखान्यांत गेलं, शेतमजुरांसमोर गेलं, छावण्यांत गेलं. मुलगे मिळत नव्हते, कारण बापांना लाज वाटायची. फर्नांदोनं अनाथाश्रमातून मुलं निवडून आणली. बल्गेरियातल्या वार्नाच्या स्पर्धेत १९६४ पासून क्युबाच्या मुली पदकं घेऊन येऊ लागल्या. ज्या बेटावर पिढीपूर्वी बॅले हा श्रीमंतांच्या मुलींचा छंद होता, तिथे फुकट शिकवणारी शाळा होती. त्याच शिक्षणातून हवानातल्या एका ट्रक ड्रायव्हरचा अकरावा मुलगा, कार्लोस अकोस्ता, पुढे आला. लंडनच्या रॉयल बॅलेत सतरा वर्षं नाचला आणि जानेवारी २०२० मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक झाला. दोन महिन्यांत कोरोनाच्या साथीनं सगळी नाट्यगृहं बंद पडली. नव्या संचालकाच्या टेबलावर पहिलं काय आलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

कारण माझ्या टेबलावर पहिलं आलं ते उपयोगिता प्रमाणपत्र. बाई गेल्यानंतर संस्था माझ्याकडे आली तेव्हा मला ताल कळत होता, ताळेबंद कळत नव्हता. आदल्या वर्षीच्या अनुदानाचा हिशेब पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. तीन साथीदारांचं मानधन अडलं. हार्मोनियमवाले काका काही बोलले नाहीत, नेहमीसारखे वेळेवर आले, लहरा धरला. त्या दिवशी मी ठरवलं की हे काम मी रियाजासारखं करणार. सहा महिने सीएंकडे बसून शिकले. आता मार्चअखेर मला समेसारखा लांबून दिसतो. नाट्यगृहाची तारीख, लाइट बिल, मुलींच्या परीक्षेचे अर्ज, सतरंज्या धुवायला टाकणं, यातल्या प्रत्येकावर कोणाचं तरी नाचणं टेकलेलं आहे. तुम्ही म्हणता "नुसतं ऑफिस". मला ती तार दिसते, कमरेइतक्या उंचीवर बांधलेली. ती नीट ताणून बांधली तर कुणीतरी वेगानं धावत पुढे येईल आणि पडणार नाही.

एक गोष्ट मात्र मला तिची घ्यायची नाही, आणि तीही सांगायला हवी, कारण फोटो लावला म्हणजे सगळं मान्य असं होत नाही. अलिसियाला सोडता आलं नाही. ती १९९५ पर्यंत नाचत राहिली, म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत. संचालकपद तर मरेपर्यंत तिच्याकडेच होतं. डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नसताना ती तालमींना बसायची. कितीतरी चांगले नर्तक दौऱ्यावर गेले ते परतले नाहीत. त्याला देशातली टंचाई आणि राजकारण कारण होतंच, पण वरची खुर्ची हलतच नाही हेही असणार असं मला वाटतं. फर्नांदो तर सत्तरीच्या दशकात घटस्फोटानंतर कामागुए शहरातल्या कंपनीत गेला आणि तिथे नव्यानं मुलं घडवत बसला. हवानात व्हिएनसाय वाल्देस या नर्तकीला उपसंचालक नेमलं ते २०१९ च्या जानेवारीत, अलिसिया जाण्याच्या अवघे नऊ महिने आधी. सत्तर वर्षं बांधलेल्या घराची किल्ली देण्यासाठी नऊ महिने! मला याचं फार वाईट वाटतं. जिनं वर्षभर हातपाय न हलवता पडून राहणं साधलं, तिला बाजूला होणं साधलं नाही.

म्हणून माझ्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. त्यावर तारीख आहे आणि दोघींची नावं आहेत, माझ्याच विद्यार्थिनींची. त्या दोघींना तो दाखवलेला आहे. गेल्या वर्षापासून सह्यांचे अधिकार त्यांच्याकडे आहेत, आणि वार्षिक महोत्सवात कोण नाचणार हे त्या ठरवतात. मागच्या खेपेला त्यांनी निवडलेली एक रचना मला आवडली नव्हती. मी तसं एकदा सांगितलं आणि तिकीट खिडकीवर जाऊन बसले.

करमतं का, हा तुमचा मूळ प्रश्न. पाऊस सुरू झाला की गुडघा दुखतो, आणि कुणाचा चक्करदार ऐकला की अजून पोटात खड्डा पडतो. ते गेलेलं नाही, आणि ते जावं असं मला वाटतही नाही.

परवा संध्याकाळी हिशेबाची वही उघडून बसले होते. पलीकडे मोठ्या मुलींचा तत्कार चालू होता. भिंतीतून घुंगरू स्पष्ट ऐकू येतात. तिसऱ्या मात्रेवर एकीची टाच हलकी पडत होती. आधी अर्ध्या आवर्तनात मी उठून आत गेले असते. पेन खाली ठेवलंही. तेवढ्यात घुंगरू थांबले. आत शिकवणारी मुलगी म्हणाली, "थांबा. तिसरी मात्रा. कोणाची टाच आहे ही?" मग क्षणभर काही नाही. मग एकाच जोडीचे घुंगरू, विलंबित लयीत. तिसरी मात्रा भरदार पडली. मी पेन उचललं.