दहा पाऊणे साडेसात

पाचवीच्या वर्गात अपूर्णांक चालू होते. पाऊण म्हणजे चारातले तीन भाग, हे फळ्यावर भाकरी काढून मी समजावत होते. गणिताच्या तासाला नेहमी मान खाली घालून बसणारा एक मुलगा मध्येच म्हणाला, "बाई, दहा पाऊणे साडेसात." पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, आता कुणी पाठ करत नाही. हे कुठून शिकलास विचारलं, तर म्हणाला, "आजोबा भरती काढतत तेच्यार."

भरतीची वेळ काढायचं हे गणित असं आहे. आज कोणती तिथी ते बघायचं, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग सरकते. तिथीमागे पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. भरतीच्या छापील कोष्टकाशी पाच-दहा मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं.

मी मूळची साताऱ्याकडची. कृष्णेचे मासे खाल्लेली. मालवण तालुक्यात बदली होऊन तीन वर्षं झाली होती, रोज येता-जाता कालावलची खाडी दिसत होती, पण ती माझ्यासाठी नुसतं पाणी होती. त्या मुलाच्या आजोबांना, आबांना, जाऊन भेटले आणि मला गरवायला न्याल का म्हणून विचारलं. गरवणं म्हणजे गरीने मासे धरणं. आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे. पौष वद्य दशमी, रविवार. "भांगाचा पाणी आसा," ते म्हणाले. "दोरी हुबी ऱ्हवतली. चार वाजता येवा."

उधाण आणि भांग हे शब्द मी ऐकले होते, त्यांचा गरीशी काय संबंध ते त्या दिवशी कळलं. पुनव-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात धावतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी सावकाश हलतं. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरांहून जास्त चढतं, आमच्याकडे दोनच्या आसपास. तरीही उधाणाची ओढ अशी असते, की दोरीला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी होते आणि माशाने तोंड लावलेलं हाताला कळत नाही. जाळ्यांना उधाण मानवतं, गरीला भांग.

पहाटे चारला तळाशीलच्या वाळूवर पोचले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, अशी ही जागा आहे. कणकवलीकडून आलेली गड नदी इथे समुद्राला मिळते. वद्य दशमीचा चंद्र माडांच्या डोक्यावर होता. आबा आणि त्यांचा पुतण्या होडीत सामान भरत होते. आबांचं सामान एका पत्र्याच्या डब्यात मावलं होतं. लाकडाच्या फळीवर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), गऱ्या आणि शिशाचे गोळे, एवढंच. पुतण्याकडे दोन रॉड, रीळ, रबरी मासळ्यांचा डबा आणि बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी. चुलते-पुतणे एकाच होडीतून जातात आणि दोन तऱ्हांनी मासे धरतात. कोणाची तऱ्हा बरी यावरून दिवसभर त्यांची धुसफूस चालते. मला ती ऐकायला फार आवडली, कारण त्यांच्या वादातूनच मी शिकत गेले.

आधी आमिष हवं. पुतण्या गुडघाभर पाण्यात उतरला, पागाची, म्हणजे फेकायच्या गोल जाळ्याची, एक कड दातात धरली आणि कंबरेतून वळून तो फेकला. पाग गोल उघडून पाण्यावर पडला, शिशाच्या मण्यांचा सरसर आवाज झाला. तिसऱ्या फेकीला मूठभर सुंगटं आली, म्हणजे कोळंबी, आणि बोयटं नावाचे बोटाएवढे चार मासे. सुंगटं जिवंत हवीत. आबा ती बांबूच्या टोपलीत घालून टोपली पाण्यातच सोडतात, पुतण्या बादलीत बॅटरीवरचं बुडबुड्यांचं यंत्र लावतो.

सुंगट गरीला लावणं हा माझा पहिला धडा. डोक्यावरच्या करवती काट्याच्या मुळाशी आत एक काळपट ठिपका दिसतो. तिथे गरी टोचली तर सुंगट तत्काळ मरतं. ठिपका चुकवून काट्याखालून गरी आडवी काढली, तर ते पाण्यात बराच वेळ पाय हलवत राहतं. माझी पहिली दोन मेली. तिसऱ्याच्या वेळी आबांनी बॅटरी जवळ धरली आणि माझा हात हलला नाही.

आबांचं शिसं भोक पाडलेलं असतं, दोरी त्यातून मोकळी सरकते. मासा सुंगट तोंडात घेऊन निघाला, की दोरी शिशातून ओघळते, त्याला वजन लागत नाही आणि त्याचा संशय वाढत नाही. पुतण्याने हेच शिसं दुकानातून विकत आणलं होतं. आबा ते चुलीवर घरीच ओततात.

आम्ही वल्हवत चिपीच्या झाडांकडे गेलो. चिपी हे कांदळवनातलं झाड. तिची पांढरी जात २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. चिपीची श्वसनमुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. शेजारी कांदळ, त्याची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली. तांबोशी या तांबूस माशाची पोरं या मुळांच्या आडोशाने वाढतात, मोठी झाल्यावर खाडी सोडून बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जातात. आबांनी मुळांपासून चार वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांबी) अंतर ठेवून नांगर टाकला. जास्त जवळ गेलो तर मासा लागल्यावर दोन हातांत मुळात घुसतो, लांब राहिलो तर तो आमिषापर्यंत येतच नाही. हे अंतर त्यांनी अंधारात कसं ठरवलं विचारलं, तर म्हणाले, वल्ह्याला तळ कसा लागतो त्यावरून. मऊ चिखल संपून शिंपल्यांची खरखर सुरू होते, ती जागा.

मग दोरी माझ्या हातात आली.

"बाईनू, बोटाक गुंडाळू नकात. मोठो लागलो तर बोट जातला." दोरी तर्जनीवरून नुसती सोडायची आणि अंगठा हलका ठेवायचा. बॅटरी बंद केली. पुढचा पाऊण तास मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं एवढं लक्ष एका बोटाच्या पेराकडे दिलं.

सुरुवातीला सगळंच मासा वाटत होतं. होडी हलली की मासा, पान अडकलं की मासा. आबा आपली दोरी धरून बसलेले, मधूनमधून माझ्या दोरीला शेजारून बोट लावायचे आणि खाली कोण आहे ते सांगायचे. टिकटिक, टिकटिक असं नखाने टोचल्यासारखं लागलं, तर बारकी पोरं आमिष कुरतडतायत. एकदा दोरी हळूहळू जड झाली, एका बाजूला सरकू लागली. मी ओढायला लागले. "कुर्ली ती. झटको नाय, नुसता वजन." खरंच, पाण्याच्या वरपर्यंत खेकडा सुंगटाला धरून आला आणि बॅटरी लागताच सोडून गेला. एकदा काहीच कळलं नाही आणि दोरी वर घेतली तर गरीच नाही, तंगूस कात्रीने कापल्यासारखा. ते केंड या माशाचं काम. त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले असतात.

सहा वाजून गेले असतील. एक ठोका आला. टिकटिक नव्हे, दारावर मूठ मारावी तसा एकच. मी दचकून जोरात हिसका दिला आणि दोरी सैल पडली. रिकामी गरी वर आली, सुंगट अर्धं तुटलेलं.

आबा रागावले नाहीत. "तुमी तेका खावक दिल्यात नाय. तो तोंडात घेता, फिरता, मगे जाता. फिरलो काय मारा." तांबोशी पहिल्यांदा आमिषावर आदळते, मग ते घेऊन आपल्या घराकडे वळते. वळण्याचा तो क्षण दोरीत वेगळा जाणवतो, ओघळणारी दोरी एकदम ताठ होते. तोपर्यंत थांबायचं. त्यापुढे थांबलात तर ती मुळात पोचते. म्हणजे हातात असतो एक श्वास, फार तर दीड.

उजाडता उजाडता आबांना तांबोशी लागली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. ठोका आला तेव्हा हात हललाच नाही, उलट पुढे गेला, दोरी दिली. मग मनगट एवढंसं मागे आलं. त्यानंतर मात्र त्यांनी एक वीतही सोडली नाही, दोन्ही हातांनी भराभर ओढून मासा मुळांपासून तोडला. तांबूस, जाड खवल्यांचा, दोन किलोला थोडा कमी. पुतण्याने लगेच कल्ल्याशी चीर देऊन रक्त काढलं आणि पेटीत ठेवला. खाली बर्फ, मधे मासा, वर बर्फ. पेटीच्या तळाला भोक आहे, वितळलेलं पाणी वाहून जातं. मासा थंड राहायला हवा, पाण्यात भिजत पडायला नको, नाहीतर मांस पाणचट होतं. आबा आयुष्यभर ओल्या गोणपाटात मासे आणत आले, पण पेटीतली तांबोशी दुपारपर्यंत किती ताठ राहते ते त्यांनी पाहिलंय. या एका बाबतीत ते पुतण्याशी भांडत नाहीत.

साडेसाताच्या सुमारास पाणी थांबलं. पानं जागच्या जागी फिरू लागली. आबांनी दोरी आवरली आणि डबा उघडला. आबांच्या घरच्या काकींनी घावणे आणि चटणी दिली होती. पाणी थांबलं की मासाही थांबतो, तेव्हा माणसाने खाऊन घ्यावं.

ओहोटी लागल्यावर पुतण्याची वेळ आली. पाणी मुळांतून उतरायला लागलं, की आत गेलेली बारीक मासळी बाहेर पडते आणि चोणक हा मोठा मासा ओहोळाच्या तोंडाशी टपून असतो. रायगडात जिताडा म्हणतात तोच हा. पुतण्या रबरी मासळी एका ओहोळाच्या तोंडाशी पुन्हापुन्हा टाकत होता. बाटलीचं बूच काढल्यासारखा आवाज झाला आणि रॉड वाकला. मासा आख्खा पाण्याबाहेर आला, डोकं झाडत, कल्ले उघडे. रीळ किरकिरत होतं. मोठा मासा रॉडवर कसा दमवतात ते मी प्रथमच बघत होते. तो ओढतो तेव्हा द्यायचं, तो थांबतो तेव्हा घ्यायचं. पंधरा-वीस मिनिटांनी तो होडीच्या कडेला आला. पुतण्याने जबडा फडक्याने धरला, कारण चोणकाच्या कल्ल्याची झाकणं पात्यासारखी धारदार असतात. माझ्या हाताने मापला तर पाच वितींहून लांब.

आणि पुतण्याने तो सोडायचं ठरवलं.

चोणक जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे एवढ्या आकाराची जवळजवळ प्रत्येक मादी, आणि अंडी घालायची ती पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी. पुतण्या हे सांगत होता, आबा गप्प होते. त्या माशाचे बाजारात किती झाले असते ते तिथे बसलेल्या आम्हा तिघांनाही माहीत होतं. आबांच्या काळात मोठा मासा घरी न्यायचा, तोच तर मान होता. शेवटी म्हणाले, "तुजो मासो, तुजो इचार." पुतण्याने त्याला शेपटाशी धरून वाहत्या पाण्याकडे तोंड करून ठेवलं, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत. मग हात सैल केला. मला पुतण्याचं पटलं. आबांचं गप्प राहणंही मला समजलं, कारण घर त्यांनी याच पाण्यावर चालवलं.

माझ्या दोरीला त्यानंतर एक शेंगटी, म्हणजे काटेवाला मासा, लागली. जड, डोकं हलवत येणारी. मी आनंदाने हात पुढे केला आणि आबा पहिल्यांदाच ओरडले. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन काटे, तिन्ही विषारी. काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्याने कळ उतरते. पण काटा लागूच द्यायचा नाही. त्यांनी पक्कडीने गरी सोडवली.

दहा वाजत आले होते. ऊन चढलं होतं, मुळं उघडी पडायला लागली होती. आबा म्हणाले, अजून एक सुंगट उरलंय, लावा. ते मी एकटीने लावलं, ठिपका चुकवून. दोरी सोडली, शिसं तळाला लागलेलं कळलं. बऱ्याच वेळाने ठोका आला. एकच, मूठ मारल्यासारखा. मी हात पुढे केला. दोरी बोटावरून ओघळली, ओघळली आणि ताठ झाली. मी मनगट मागे घेतलं.

तंगूस तर्जनीत रुतला, पण मी सोडला नाही. पाण्यातून तांबूस रंग वर आला. वीतभर लांब तांबोशी, अंगावर अजून फिकट पट्टे, म्हणजे पोरच. आबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, नुसती पक्कड पुढे केली. मी गरी सोडवली, मासा ओल्या हातात धरून पाण्यात ठेवला. तो सरळ मुळांकडे गेला.

काठावर काकी उभ्या होत्या. तांबोशी आणि शेंगटी बघितली आणि माझं बोट हातात घेऊन त्यावर हळद लावली. जेवायला ठेवून घेतलं. तिरफळं घातलेलं शेंगटीचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर कालनिर्णयचं पुढचं पान उलटलं. माघातली वद्य दशमी सोमवारी आहे, शाळेचा वार. रविवारी नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. म्हणजे या वेळी सव्वातीनला तळाशीलला पोचायला हवं.