डूबसला हाकला म्हणणारेच आता रडतायत

आधी एक खुलासा, कारण गावाकडचे लोकपण हे वाचतात. हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची नाही, बर्फावरची. कॅनडात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसात मी छाती पुढे काढून "मलापण हॉकी आवडते" असं सांगून बसलो होतो आणि पुढचा अर्धा तास समोरचा कशाबद्दल बोलतोय ते मला ओ की ठो कळत नव्हतं. असो. त्याला आता अकरा वर्षं होतील आणि टोरंटो मेपल लीफ्स या आमच्या टीमचं दुखणं अंगवळणी पडलंय, गुडघेदुखीसारखं. लीगचा शेवटचा कप, स्टॅनली कप, जिंकला १९६७ साली. तेव्हा माझ्या बाबांची मुंजपण झाली नव्हती.

तर १९ मे २०२३, शुक्रवार. व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड, सोमवारी सुट्टी, त्यामुळे दुपारनंतर ऑफिसचं काम हा फक्त देखावा. मी कोळशाची दोन पोती गाडीच्या डिकीत टाकत होतो आणि खिशात फोन नुसता थरथरतोय. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'लीफ्स आणि मिसळ' नावाचा, मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडची नऊ-दहा मराठी डोकी, मॅच असली की रात्री अकरापर्यंत एकमेकांचं डोकं खातात. उघडून बघतो तर शंभरावर मेसेज. काईल डूबस, आमचा जनरल मॅनेजर, परत येणार नाही, टीमने जाहीर केलं.

आणि सगळ्यात वरती भाऊंचा मेसेज: "हे बरोबर नाही केलं."

भाऊ! म्हणजे आमच्यातले सिनियर, पंचवीस वर्षं इथे काढलेले, ज्यांनी २०२१ पासून प्रत्येक पराभवानंतर न चुकता "त्या चष्मिसला आधी हाकला" असं लिहिलंय. मी मुद्दाम ग्रुपमध्ये सर्च मारून बघितलं. 'हाकला' हा शब्द सदतीस वेळा, त्यातले निम्मे भाऊंचे. (चार माझे. लपवत नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीएम म्हणजे कोच नाही. कोच मॅच खेळवतो, जीएम खेळाडू आणतो, विकतो, कोणाला किती द्यायचे ते ठरवतो. आणि या लीगमध्ये (एनएचएल) पगाराला टोपी आहे, सॅलरी कॅप, २०२२-२३ च्या सीझनला साडेब्याऐंशी मिलियन डॉलर, त्याच्यावर सहसा एक पैसा नाही. त्यात डूबसने आमच्या चार मोठ्या खेळाडूंना, म्हणजे टॅव्हारेसला ११, मॅथ्यूजला ११.६, मार्नरला जवळजवळ ११ आणि नीलँडरला ७ च्या आसपास देऊन ठेवलेले. चौघांत मिळून साधारण साडेचाळीस. म्हणजे घरातलं निम्मं राशन चार जणांच्या ताटात आणि उरलेल्या एकोणीस-वीस जणांनी उरलेल्यात भागवायचं. त्यात कोविड आला आणि ती टोपी वाढायची तिथेच अडकली. हे त्याचं नशीब की चूक यावर आमच्याकडे रात्री दोन-दोनपर्यंत भांडणं झालीयत, एकदा तर एकजण ग्रुप सोडून गेला होता, त्याला दसऱ्याला परत घेतला.

पण मला हा माणूस आवडायचा, सांगून टाकतो. कारण जरा स्वार्थी आहे. १९८५ चा जन्म, म्हणजे माझ्याच वयाचा. मोठा खेळाडू वगैरे कधीच नव्हता. सू सेंट मरी नावाच्या गावातला पोरगा, विशीत खेळाडूंचा एजंट झाला, पंचविशीत तिथल्याच ज्युनियर टीमचा जीएम, आणि २०१८ मध्ये बत्तिसाव्या वर्षी लीफ्सचा. आकडेवारीवर विश्वास ठेवणारा. मी दिवसभर एक्सेल आणि एसक्यूएलमध्ये तोंड खुपसून बसणारा माणूस, मला ते बघून बरं वाटायचं की जुने ढुढ्ढाचार्य नाकं मुरडतायत आणि आपला एक चष्मेवाला वर बसलाय. टीव्हीवर कॅमेरा त्याच्यावर गेला की बायको म्हणायची "हा तुमच्या ऑफिसातला वाटतो".

निकाल मात्र... काय सांगू. प्लेऑफ म्हणजे बाद फेरी, एका टीमशी सहसा सातपर्यंत मॅच, आधी चार जिंकेल तो पुढे. २०१९ ला बोस्टनकडून सातव्या मॅचला हरलो. २०२० ला कोलंबस. २०२१ ला माँट्रियलसमोर ३-१ पुढे असून हरलो, ते आठवलं तरी पोटात कालवतं. २०२२ ला टॅम्पा, परत सातवी मॅच. आणि मग २०२३ ला २९ एप्रिलला, शनिवारी रात्री, टॅम्पालाच त्यांच्या घरात ओव्हरटाइममध्ये टॅव्हारेसने गोल मारला आणि २००४ नंतर पहिल्यांदा आम्ही प्लेऑफची एक सिरीज जिंकली. एक. पहिला राउंड फक्त! तरी मी सोफ्यावरून असा उडालो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तब्येतीची चौकशी केली. डाउनटाउनला अरेनाबाहेर पब्लिक "वी वॉन्ट फ्लोरिडा" ओरडत होतं, पुढच्या राउंडला फ्लोरिडा सोपी जाईल म्हणून. तेव्हाच मला वाटलं होतं की असं तोंडाने मागू नये. फ्लोरिडाने पाच मॅचमध्ये गुंडाळलं. १२ मेला शेवटची, तीही ओव्हरटाइम, आणि त्याआधी आमच्या रायलीचा गोल शिट्टी आधी वाजली म्हणून दिला नाही, त्यावर तर वेगळी पोस्ट होईल.

बरं, इथपर्यंत नेहमीचंच होतं. खरी गंमत त्यानंतरच्या आठवड्यात. डूबसचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपत होतं. सोमवारी, १५ मेला तो प्रेससमोर आला आणि फार मोकळं बोलला. सीझन घरच्यांना जड गेला, त्यांच्याशी बोलायचंय, आणि राहिलो तर इथेच, नाहीतर दुसरीकडे लगेच जायची माझ्यात ताकद नाही, अशा अर्थाचं. चेहरा उतरलेला. मी ते लंच करता करता बघितलं आणि मला घास गिळेना, कारण मी हे केलंय. जुन्या एका नोकरीत अप्रेझलच्या मीटिंगला मी मॅनेजरसमोर भाबडेपणाने बोलून गेलो होतो की खूप दमलोय, पुढे हेच करायचंय का माहीत नाही. आणि तीन दिवसांनी पगारवाढीचा विषय काढला. मॅनेजरने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती अजून आठवते.

शुक्रवारी दुपारी त्याच नजरेने ब्रेंडन शॅनहन टीव्हीवर बसला होता. हा टीमचा तेव्हाचा प्रेसिडेंट, डूबसचा साहेब, त्यानेच २०१४ मध्ये त्याला टोरंटोत आणलेलं. आणि त्याने अख्खी पोथीच वाचली. आपल्याला त्याला ठेवायचंच होतं, ऑफर ठरत आली होती, मग सोमवारचं ते बोलणं ऐकून मनात पाल चुकचुकली, गुरुवारी एजंटकडून पैशाचा नवा आकडा आला, मग रात्री डूबसचा स्वतःचा मेल आला की मला राहायचंय, पण तोवर माझं मन दुसरीकडे वळलं होतं, शुक्रवारी सकाळी भेटून सांगितलं. तारीखवार! आपल्याकडे लग्न मोडल्यावर वरपक्षाचे काका मांडवात उभं राहून सांगतात ना, की आम्ही साखरपुड्याला काय म्हणालो होतो आणि यांनी हळदीच्या दिवशी काय मागितलं, तसंच.

आणि मग झालं काय, की त्या मिनिटापासून डूबस चांगला जीएम होता की वाईट यावर कोणी बोलेचना. पाच वर्षं ज्यावर आम्ही रक्त आटवलं, ते साडेचाळीस मिलियन, काद्रीसारखा खेळाडू कोलोराडोला दिला, हायमनला एडमंटनला जाऊ दिला, सगळं एका दुपारीत गायब. उरला फक्त मानपान. कोणी कोणाचा अपमान केला. आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतो शॅनहनला गर्व झालाय, दुसरा म्हणतो अरे आधी रडायचं आणि मग भाव वाढवायचा हे कुठलं शहाणपण, तिसरा म्हणतो घरच्यांचं नाव काढलं म्हणून शिक्षा झाली बिचाऱ्याला. भाऊ तिसऱ्या पार्टीत. भाऊंना मी शेवटी पर्सनलवर विचारलं, तुम्हाला तर तो नको होता ना? म्हणाले, "नको होता रे, पण हाकलायची पद्धत असते." दोन मिनिटांनी परत मेसेज, "आपण हाकलायचा होता, ह्यांनी नव्हे." मी त्याला हार्ट दिला, अजून काय देणार.

शनिवारी सकाळी कॉफी आणायला टिम हॉर्टन्सला गेलो तर तिथे आमच्या एरियातले सरदारजी, ट्रक चालवतात, हॉकी नाईटची पंजाबी कॉमेंट्री ऐकून ऐकून त्यांना मोठमोठ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांना रडारड वगैरे काही नाही. त्यांचं एकच, मॅथ्यूज आणि मार्नरचे नो-मूव्ह क्लॉज १ जुलैला लागू होतात, म्हणजे त्यानंतर त्यांच्या मर्जीशिवाय कोणाला हलवता येणार नाही, मॅथ्यूजचं पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपतंय, जूनअखेर ड्राफ्ट (नवी पोरं निवडायची असतात), आणि अशा वेळी दुकानाच्या चाव्याच कोणाकडे नाहीत. "पुत्तर, ड्रायव्हर बदलना है तो उतार पे नहीं बदलते." मला हे सगळ्या एक्स्पर्ट लोकांपेक्षा पटलं, आणि डोनटचे पैसेपण त्यांनीच दिले.

माझं मत विचाराल तर डूबसचं चुकलं, आणि शॅनहनचं त्याहून जास्त. डूबस स्वतः एजंट होता, त्याला कळायला हवं होतं की टेबलावर बसायच्या आधी आपला हुकूमाचा पत्ता माइकसमोर दाखवत नाहीत. पण साहेबाने? गेलेल्या माणसाबद्दल "आमचं जमलं नाही, शुभेच्छा" एवढं म्हणून आत जायचं. तू सगळं सांगितलंस म्हणून लोकांनी बाजू घेतल्या. नाहीतर माझ्यासकट अर्धं टोरंटो शुक्रवारी संध्याकाळी सुटलो एकदाचे म्हणून बिअर उघडत होतं.

बायको हॉकी बघत नाही. तिला कोळसा पेटवता पेटवता सगळं सांगितलं तर म्हणाली, "घरच्यांना विचारून ठरवतो म्हणाला यात चुकलं काय त्याचं?" मी म्हटलं काही नाही. "मग?" म्हटलं कणसं आण.

आणि या आठवड्यात परत उलटापालट. ३१ मेला आमच्याकडे ब्रॅड ट्रेलिव्हिंग नवा जीएम म्हणून आला, कॅल्गरीत नऊ वर्षं काढून एप्रिलमध्ये तिथून बाहेर पडलेला, त्याचंही कॉन्ट्रॅक्ट संपतच आलं होतं. दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, डूबस पिट्सबर्गला. तेही जीएम नाही, हॉकी ऑपरेशन्सचा प्रेसिडेंट, म्हणजे शॅनहनच्या बरोबरीची खुर्ची. दुसरीकडे जायची ताकद नाही म्हणालेला माणूस अडीच आठवड्यांत पिट्सबर्गचा स्टार खेळाडू क्रॉस्बीच्या गावात! ग्रुपवर जे सहानुभूतीचा पूर आणत होते ते एका झटक्यात फिरले. "बघा, आधीच ठरलं होतं." "घरच्यांना पिट्सबर्ग बरं आवडलं." भाऊंनी फक्त एक मेणबत्तीचा इमोजी टाकला, तो कोणासाठी ते सांगितलं नाही.

मला त्याचा राग आला नाही. इथून ज्या पद्धतीने काढलं त्यानंतर कोणी मोठी खुर्ची दिली तर मी रात्रीत सामान बांधलं असतं.

ट्रेलिव्हिंगची गंमत तर अजून कोणाच्या लक्षात नव्हती, मीच टाकली ग्रुपवर. २०२२ च्या जुलैमध्ये मॅथ्यू कचक हा खेळाडू कॅल्गरीशी लांबचं कॉन्ट्रॅक्ट करायला तयार नव्हता म्हणून याच ट्रेलिव्हिंगने त्याला ट्रेड केला. कुठे? फ्लोरिडाला. ज्या फ्लोरिडाने आत्ता आम्हाला घरी पाठवलं. म्हणजे आमचा पेपर अवघड काढणाऱ्यालाच आम्ही हेडमास्तर केलंय.

त्यावर दहा मिनिटं शांतता. मग भाऊ टायपिंग... भाऊ टायपिंग... "हा ट्रेलिव्हिंगपण मला काही ठीक वाटत नाही."

त्या माणसाला येऊन अजून चार दिवस नाही झाले, त्याने बहुतेक टोरंटोत घरपण बघितलं नसेल.