आडव्या रस्त्यांवरचे बिंदू

पाऊस नुकताच लागला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती फोर्टमधल्या एका सल्लागार कंपनीत आहे. पावसाचं पाणी रस्त्यावर कुठे साचेल याची संगणकावर मांडणी करणं हे तिचं काम. "मॅडम, प्रोग्राम अडकतोय. गिरगावच्या खाली व्यवस्थित चालतो, वर गेलं की लटकतो. सगळे सर्व्हेवाल्या काकांना दोष देतायत. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

भौमितिक अल्गोरिदम, म्हणजे बिंदू-रेषांचे प्रश्न संगणकाकडून सोडवून घ्यायच्या रीती, हा माझा विषय, 26 वर्षं झाली. मायकेल शॅमॉसने 1978 साली येल विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि या विषयाला स्वतःचं घर मिळालं. त्याच घरात माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्या शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा एक वाक्य असतं: बिंदू सर्वसाधारण स्थितीत आहेत असं मानू. म्हणजे तीन बिंदू एका रेषेत नाहीत, चार एका वर्तुळावर नाहीत आणि दोन बिंदू एकाच जागी तर नाहीतच. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही.

काम समजायला सोपं आहे. सर्व्हेवाले टोटल स्टेशन (तिपाईवरचं मोजणीयंत्र; मोजायच्या जागी त्याचा प्रिझम धरतात) लावून रस्त्यावरच्या हजारो जागांचं स्थान आणि उंची मोजतात. प्रोग्राम त्या बिंदूंचं त्रिकोणांचं जाळं विणतो, आणि त्या जाळ्यावरून पाणी कुठे वाहील ते काढलं जातं. जाळं विणताना एकच प्रश्न लाखो वेळा विचारायचा असतो: अ पासून ब कडे चालत असताना क डाव्या हाताला की उजव्या? या उत्तराचं चिन्ह एकदा जरी चुकलं तर प्रोग्राम त्याच त्या त्रिकोणांभोवती फिरत बसतो.

मला वाटलं, आजार ओळखीचा आहे. केटनर, मेलहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली चित्रं काढून दाखवलं होतं की दशांशांच्या साध्या हिशेबात हेच चिन्ह कसं उलटतं आणि पाठ्यपुस्तकातला अल्गोरिदम कसा कोसळतो. उपायही ठाऊक आहे. जोनाथन श्यूचुकने 1997 साली प्रसिद्ध केलेली पद्धत हे चिन्ह अचूक काढते, आणि गरज पडेल तेवढाच जास्त हिशेब करते. दर वर्षी वर्गात शिकवताना मला ती तितकीच सुंदर वाटते. तिथे बसून मी ती प्रोग्रामात घातली. दोन तास गेले. प्रोग्राम पुन्हा तिथेच अडकला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. अडकलेल्या सगळ्या जागा नकाशावर टाकल्या. एकही जागा गिरगावच्या दक्षिणेला नव्हती. आणि जवळजवळ सगळ्या आडव्या रस्त्यांवर होत्या, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या. रेल्वेला समांतर जाणारे उभे रस्ते स्वच्छ होते. रस्त्याची दिशा बघून चूक करणारा सर्व्हेवाला मी तरी ऐकलेला नाही.

फाइल उघडून आकडे बघितले. मुंबईतल्या जागांचे निर्देशांक, म्हणजे नकाशावरचं स्थान सांगणारे आकडे, मीटरमध्ये असतात: पूर्वेचा आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास, उत्तरेचा सुमारे 21 लाख. उत्तरेच्या आकड्यांची शेपटं बघितली आणि अंगावर काटा आला. .250, .500, .750, .000. दुसरं काहीच नाही. गिरगावच्या दक्षिणेकडच्या पानांवर मात्र .125 आणि .375 सुद्धा होते.

कोणीतरी, कधीतरी, जागा वाचवायला हे आकडे 32 बिटांत, म्हणजे 0-1 च्या 32 घरांत, साठवले होते. त्यात आकड्यातल्या अंकांसाठी 24 बिट मिळतात, म्हणून आकडा मोठा झाला की दशांशांना जागा कमी उरते. आकडा दोनच्या एकविसाव्या घाताच्या, म्हणजे 20,97,152 च्या खाली असेल तोवर शेजारच्या दोन आकड्यांत साडेबारा सेंटिमीटरचं अंतर राहतं. त्याच्या वर गेलं की ते 25 होतं. विषुववृत्तापासून मोजत आलेला तो 20,97,152 वा मीटर गिरगावातून जातो, चर्नी रोडच्या थोडा वर. पूर्वेचा आकडा लहान असल्यामुळे तिथली पायरी फक्त तीन सेंटिमीटरची, म्हणून उभे रस्ते वाचले.

मी वर्गात वर्षानुवर्षं मुंबईतली एक वेगळी रेघ शिकवत आले. थीसेनने 1911 साली मांडलेली पद्धत: जी जागा ज्या पर्जन्यमापकाला जवळची, तिथे त्याचा पाऊस धरायचा. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांमधली ती रेघ परळ-प्रभादेवीच्या आसपास येते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73 च्या आसपास. मुलं त्या उदाहरणाने गप्प होतात. गिरगावातली ही दुसरी रेघ मला माहीतच नव्हती. तिचा पावसाशी काही संबंध नाही, पण पाण्याचा हिशेब तिने बिघडवलाच.

कारण आडव्या रस्त्यावर सर्व्हेवाला फुटपाथच्या कडेला दोन रीडिंग घेतो. एक कडेच्या माथ्यावर, एक खाली, जिथून पाणी वाहतं तिथे. जमिनीवर दोन्हींत जेमतेम पंधरा सेंटिमीटर अंतर, तेही उत्तर-दक्षिण. 25 च्या पायरीवर असे दोन बिंदू अनेकदा एकाच जागी येऊन बसतात, उंची मात्र वेगळी. अचूक चिन्ह काढणारी माझी लाडकी पद्धत इथे काय करणार? तिने आधीच चुकलेल्या बिंदूंचं उत्तर अचूक दिलं.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. प्रोग्राम चालावा म्हणून ऑफिसात 'डुप्लिकेट काढा' असं बटण करून ठेवलं होतं. ते फाइलमधला दुसरा बिंदू उडवतं. सर्व्हेवाले काका नेहमी आधी माथा घेतात, मग तळ. म्हणजे उडालेला प्रत्येक बिंदू खालचा, पाणी वाहतं तिथला. आधीच्या एका भागाचे नकाशे असेच तयार होऊन पुढे गेले आहेत. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. एवढ्या शांतपणे कसं बोलता येतं मला कळत नाही.

संध्याकाळी काका स्वतः आले, फील्डबुक घेऊन. दिवसा गाड्या उभ्या असतात म्हणून त्यांनी रात्री काम केलं होतं. पान उलटून म्हणाले, "मॅडम, प्रिझम मी दोनदा ठेवलाय. हे बघा, एकदा वर, एकदा खाली. डुप्लिकेट कुठून येईल?" वहीत दोन्ही आकडे मिलिमीटरपर्यंत होते, सुवाच्य अक्षरात. माझ्या विद्यार्थिनीने मूळ आकडे 64 बिटांत पुन्हा भरले आणि प्रोग्राम एका दमात पार गेला.

ट्रेनपर्यंत सोडायला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, वर्गात तुम्ही सांगायचात, दोन बिंदू एका जागी नाहीत असं मानू. आले तर काय करायचं, हे कधी झालं नाही ना आपलं?"

नव्हतं झालं. असे बिंदू हाताळण्याच्या युक्त्या मला येत होत्या. एडेल्सब्रुनर आणि म्युके यांची 1990 ची तर पाठच आहे. पण ती सगळी युक्ती बिंदूला किंचित हलवल्यासारखं करून मोकळी होते. दोन बिंदू एका जागी आलेच कसे, हे ती विचारत नाही. मीही विचारलं नाही. परीक्षेत कधी घातलं नाही, कुणाच्या प्रबंधावर तो शेरा मारला नाही.

कंपनीला मी दोन पानांचं पत्र दिलं आहे, नकाशासकट. चूक सर्व्हेची नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलं. त्याला तीन आठवडे झाले. काल काकांना फोन केला. त्यांचं बिल अजून अडवून ठेवलं आहे, कारणाच्या रकान्यात 'डुप्लिकेट बिंदू' असंच आहे.