हातावरचं पोट, ऑस्ट्रेलियन पडद्यावर: वहीतली नवी पानं

मंडळी, मागची नोंद लिहून चार महिने झाले. तेव्हा वहीत पाच सिनेमे होते, आता दहा झालेत. नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की ऑस्ट्रेलियातल्या कष्टकरी बायकांचं आयुष्य रंगसफेदी न करता दाखवणारे सिनेमे शोधायचे, बघायचे आणि प्रत्येकाला वहीचं एक पान द्यायचं, असा हा उद्योग आहे. मी सिडनीच्या पश्चिमेला एका वृद्धाश्रमात काम करते, बहुतेक रात्रपाळीच असते. सकाळी सातला घरी येते, आंघोळ करते आणि झोप येईपर्यंत सिनेमा बघते.

या चार महिन्यांतला मोठा बदल म्हणजे वहीतला रकाना बदलला. आधी मी ‘दाहकपणा’ असा रकाना केला होता आणि त्यात मारहाण, दारू, ड्रग्ज असं टिपत होते. आता तिथे ‘पैसा’ लिहिते. तो कुठून येतो, कोण मोजतं, कुठल्या दिवशी संपतो. हा रकाना भरायला लागल्यापासून सिनेमेच वेगळे दिसायला लागले. ज्या सिनेमात बाई एकदाही पर्स उघडून आत बघत नाही, त्याचा खरखरीतपणा मला आता वरवरचा वाटतो.

सुरुवात झाली ‘कॅडी’पासून (1976, दिग्दर्शक डोनाल्ड क्रॉम्बी). 1925 सालचं सिडनी. दोन मुलांना घेऊन एक बाई नवऱ्याचं घर सोडते आणि पबमध्ये बारमेड होते. हेलन मोर्सला या भूमिकेसाठी ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचं पारितोषिक मिळालं. मी दोनदा मागे नेऊन बघितला तो संध्याकाळी सहाच्या आधीचा गोंधळ. न्यू साउथ वेल्समध्ये 1916 पासून 1955 पर्यंत पब सहाला बंद व्हायचे. पाचला कारखान्यातून सुटलेले पुरुष तासाभरात जेवढी रिचवता येईल तेवढी बिअर रिचवायचे. काउंटरवर ग्लास धरलेले हात आणि आरडाओरडा, आणि पलीकडे ती एकामागून एक ग्लास भरतेय. त्या गर्दीकडे बघून हसायचं हेही तिचं कामच. मुलांना सांभाळायला कोणी नाही म्हणून त्यांना संस्थेत ठेवावं लागतं, आणि संस्थेचे पैसे याच हसण्यातून यायचे.

आमच्या वृद्धाश्रमात नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांना मी सहाच्या त्या घाईबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “बाबांची पावलं कोपऱ्यावर वाजायच्या आत आई आम्हाला जेवायला घालून झोपवायची.” पुढे काही बोलल्या नाहीत. मी त्यांची उशी सारखी केली आणि दिवा बारीक केला. वहीत ‘कॅडी’च्या पानावर हे वाक्य लिहून ठेवलं आहे, कारण सिनेमा काउंटरची एक बाजू दाखवतो आणि आजींनी दुसरी दाखवली.

काउंटरचीच अजून एक गोष्ट. बाई आतल्या बाजूला उभी राहून दारू ओतू शकायची, पण बाहेरच्या बाजूला उभी राहून प्यायची तिला बंदी. ब्रिस्बेनच्या रिगाटा हॉटेलात मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी 1965 साली बारच्या दांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतलं, तेव्हा कुठे त्या बंदीची देशभर चर्चा झाली. पगाराचंही तसंच. 1907 च्या एका निवाड्यात मूळ वेतन ठरलं ते पुरुष, त्याची बायको आणि तीन मुलं यांच्या गरजेवरून. कुटुंब पोसतो तो पुरुष, हे गृहीत धरूनच. त्यामुळे बाईचा दर पुढे कितीतरी वर्षं पुरुषाच्या जेमतेम निम्म्याच्या वर राहिला. कॅडीची दोन मुलं त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. हे वाचल्यावर सिनेमा पुन्हा लावला, तर तिची तारांबळ मला नशिबाची वाटेनाच. ती कोणीतरी बसून ठरवलेली होती.

दुसरं पान ‘फ्रॅन’चं (1985, दिग्दर्शक ग्लेंडा हॅम्ब्ली). पश्चिम ऑस्ट्रेलियातली तीन मुलांची आई, नवरा सोडून गेलेला. स्वतः परक्या घरांत वाढलेली, त्यामुळे एकटं राहण्याची भीती हाडात भिनलेली. नॉनी हेझलहर्स्टचं काम बघताना माझा श्वास अडकला होता. इथल्या दोन-तीन पिढ्यांना त्या ‘प्ले स्कूल’ या छोट्यांच्या कार्यक्रमातून माहीत आहेत. मुलांना गाणी शिकवणारा तोच चेहरा इथे स्वतःच्या मुलांकडे दुर्लक्ष करतो, आणि तरीही आपल्याला तिचा राग धरता येत नाही.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. सिनेमात ‘वेलफेअर’ हा शब्द येतो. मी वहीत लिहिलं होतं, ‘सरकारी मदत आहे, मग ही घाबरते का?’ चहाच्या सुट्टीत माझ्या सोबतच्या ऑस्ट्रेलियन ताईला ते दाखवलं. ती इथल्याच सरकारी घरांच्या वस्तीत वाढलेली. तिने पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. म्हणाली, “आमच्याकडे वेलफेअर म्हणजे पैसे देणारे नाहीत. मुलं घेऊन जाणारे.” एकट्या आईसाठीचा भत्ता 1973 साली सुरू झाला, म्हणजे कॅडीला जे मिळालं नाही ते फ्रॅनच्या काळात होतं. पण त्याच्या जोडीला ही दारावरची थाप होती. त्या एका शब्दासाठी मी ‘फ्रॅन’ परत पहिल्यापासून बघितला. यावेळी तो पहिल्यांदाच बघतेय असं वाटलं, इतकं नवीन दिसलं.

मूलनिवासी बायकांसाठी तर या शब्दामागे अख्ख्या पिढ्यांची मुलं हिरावली गेल्याचा इतिहास आहे. म्हणून लगेच बेक कोल यांचा ‘हिअर आय अ‍ॅम’ (2011) लावला. तुरुंगातून सुटलेली तरुण कॅरन पोर्ट अ‍ॅडलेडमध्ये येते आणि तिला आपली लेक परत हवी असते. कॅरनच्या आईच्या भूमिकेत मार्सिया लँग्टन आहेत, खऱ्या आयुष्यात नावाजलेल्या प्राध्यापक. आई दार उघडते पण मन उघडत नाही, आणि तिचंही चुकतंय असं म्हणवत नाही.

‘हाय टाइड’बद्दल (1987, गिलियन आर्मस्ट्राँग) खूप लिहिता येईल, पण एकच प्रसंग. किनाऱ्यावरच्या एका गावात गाडी बंद पडून अडकलेली गायिका (जुडी डेव्हिस), आणि तिथल्याच कॅरव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, आजीजवळ वाढणारी, तिने तान्ही असताना सोडलेली मुलगी. सार्वजनिक न्हाणीघरात मुलगी पायांवरून रेझर फिरवतेय आणि जुडी डेव्हिस दाराखालून तिच्या पायांकडे बघतेय. संवाद नाही. लेक मोठी होताना शेजारी बसून बघायचं असतं, ते ही दाराच्या फटीतून बघते. पैशाचा रकानाही भरतोच. गाडी सोडवायला पैसे हवेत म्हणून ती क्लबच्या स्टेजवर कपडे उतरवते.

‘लिटल फिश’ (2005) माझ्या घरापासून जवळच्या कॅब्रामॅटातला. केट ब्लँचेट ड्रग्ज सोडून काही वर्षं झालेली, व्हिडिओच्या दुकानात काम करणारी आणि धंद्यासाठी कर्ज मागत बँका फिरणारी. आईच्या भूमिकेत पुन्हा नॉनी हेझलहर्स्ट! ‘फ्रॅन’नंतर वीस वर्षांनी. हे दोन सिनेमे लागोपाठ बघा, असा माझा आग्रह आहे.

आता चालू आहे ती आर्मस्ट्राँग यांचीच अ‍ॅडलेडची माहितीपट मालिका. 1970 च्या दशकाच्या मध्यात चौदा वर्षांच्या तीन कामगारवर्गातल्या मुलींपाशी कॅमेरा गेला, आणि मग पुन्हा पुन्हा जात राहिला. अठरा, सव्वीस, तेहतीस, पुढे चाळिशी पार. प्रत्येक भागात जुने तुकडे नव्यांशेजारी येतात. चौदाव्या वर्षी लग्नाबद्दल बिनधास्त बोलणारी मुलगी आणि तीच बाई पुढे मोठेपणी बसून स्वतःचं बोलणं ऐकतेय. इथे मला रकाना भरता येईना. पैसा सगळीकडेच आहे, वेगळा काढता येत नाही. शेवटी प्रत्येकीचं वय, काम आणि घर अशा तीन ओळी आखल्या आणि चार भागांचं लिहून काढलं.

पाचवा राहिला आहे. गुरुवारी सुट्टी आहे. सोबतची ताई येते म्हणाली, तिला तिसऱ्या भागापासून पुन्हा बघायचा आहे. कोणाकडे जॉन ड्युगन यांच्या ‘माउथ टू माउथ’ची (1978) स्वच्छ प्रत असेल तर कळवा. माझ्याकडच्या प्रतीत रात्रीचे प्रसंग इतके काळे आहेत, की मुलींचे चेहरेच दिसत नाहीत.