४२,००० मधला आपला

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. शुभदाने तिच्या शेजारणीच्या खापरपणजोबांच्या नोंदीचा फोटो पाठवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेत (आजची मध्य रेल्वे) गार्ड. नाव, हुद्दा, नेमणुकीची तारीख, पगार, सगळं एका ओळीत आणि वळणदार अक्षरात. बाईंना घरबसल्या सापडलं म्हणे. खाली शुभदाने लिहिलंय, "आपल्या घाटातल्या आजोबांचंही बघ ना असं."

घाटातले आजोबा म्हणजे बोरघाटात, खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेमार्ग बांधायला राबले असं घरात सांगतात ते आमचे पूर्वज. बघ ना असं!

हेवा वाटला, दुसरं काय. त्या गार्डाशी माझं काही वाकडं नाही. विलायतेत करार करून जे रेल्वेत आले त्यांच्या याद्या लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात गेल्या आणि ते दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शिवाय मुंबई इलाख्यातल्या चर्चमधून बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला जात. त्यातलं बरंच काही आता फाइंडमायपास्ट या पूर्वज शोधायच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतं. म्हणजे गोरा गार्ड एका कागदात हुकला तर दुसऱ्यात सापडणार. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांचंही त्यातल्या त्यात बरं, गावच्या चर्चची वही असते.

आपला माणूस कंपनीच्या पटावर नव्हताच मुळी. घरात कितीदा सांगितलं तरी "रेल्वेत होते" हे पालुपद चालूच. बोरघाटाचं काम कंपनीने ठेक्याने दिलं होतं. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. कंपनीचा इंजिनीअर मोजायचा तो फोडलेला खडक आणि टाकलेला भराव. बिल निघायचं त्याचं. टोळीत कोण कोण आहे हे मुकादमाला ठाऊक. हजेरीचा कागद असलाच तर त्याच्यापाशी, आणि तो कंपनीच्या दप्तरात जाण्याचं काही कारणच नव्हतं. म्हणून मध्य रेल्वेकडे "१८६० सालची सर्व्हिस शीट द्या" असा अर्ज करण्यात अर्थ नाही. गेल्या दिवाळीत काकांनी तो मसुदा वाचून दाखवला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण काकांना कोण सांगणार.

दप्तरात आहे तो आकडा. जानेवारी १८६१ मध्ये घाटावर ४२,००० हून जास्त माणसं कामाला होती. पावणेसोळा मैलांची चढण, एकूण उंची १,८३१ फूट, सगळ्यात खडा चढ ३७ फुटांना १ फूट, २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल. सगळा काळा फत्तर. पहारीने हातानेच भोक पाडायचं, दारू ठासायची, उडवायचं, बायका-पोरांनी दगड टोपल्यांतून वाहून न्यायचे. जिथे पाऊल ठेवायला जागा नाही तिथे वरून दोराने माणूस सोडायचे आणि तो कड्यावर लोंबकळत सुरुंगाचं भोक पाडायचा. दोराला कोण होता, ते कुणी लिहिलं नाही. मुख्य इंजिनीअर बर्कली होता, हे लिहिलंय. पहिला ठेकेदार फेव्हिएल, तो १८५९ मध्ये बाजूला झाला, लिहिलंय. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुढे चालवून काम तडीस नेलं, तेही लिहिलंय. १८५३ च्या पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांनाही नावं होती म्हणतात, साहिब, सिंध, सुलतान. आमच्याकडे ४२,००० भागिले काहीतरी.

पुरे. इतकं कुढण्यासारखं काही झालेलं नाही.

निदान एका ठिकाणी ही माणसं कागदावर आवाज करतात. जानेवारी १८५९ मध्ये घाटावर दंगल झाली, कारण पोटठेकेदारांनी मजुरी थकवली होती. चौकशी झाली आणि पुढे १८६० चा ९ क्रमांकाचा कायदा आला, रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी. या भानगडीचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेच्या खंडांत बघायचा. तिथे जाऊन माणसाचं नाव मागायचं नाही, साल मागायचं. आणि 'खोपोली' शोधायची नाही. तिथे ती 'कॅम्पूली' आहे, ठाणे 'टॅना', कल्याण 'कॅलियन', इगतपुरी 'एगतपूरा', मनमाड 'मनमार'. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. हे ध्यानात नसलं की सूचीत काहीच सापडत नाही आणि लोक म्हणतात, कागद जळाले.

मुळात त्याआधी घरची गोष्ट तारखेवर घासून बघायला हवी. बोरघाटाचं काम जानेवारी १८५६ ला सुरू झालं आणि घाट १८६३ मध्ये खुला झाला. पहार चालवणारा माणूस साधारण १८४५ च्या आत जन्मलेला हवा. टोपली वाहणारं पोर असेल तर आणखी दहाएक वर्षं सूट. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून मागे मोजत जायचं. हिशेब १८७० च्या जन्मावर येत असेल तर खंडाळा विसरायचा. मग बाकीच्या मार्गांची सालं लावून बघायची. थळघाट (कसारा घाट) १८६५, नागपूर १८६७, रायचूर १८७१, दौंड-मनमाड १८७८. आणि दक्षिणेकडचं घर असेल तर 'घाट' म्हणजे गोव्यातल्या मुरगाव बंदराची लाइनही असू शकते, ती १८८८ ची. माझं मत विचाराल तर आपल्याकडे ज्याच्या त्याच्या पूर्वजाने खंडाळ्याचाच बोगदा खणलेला असतो. दौंड-मनमाडची माती कुणी टाकली कोण जाणे.

आपल्या हिशेबात साल बसतंय. बसतंय म्हणजे अशक्य नाही, एवढंच. सिद्ध काहीच होत नाही, आणि होणारही नाही, हे आज फोटो बघितल्यावर पहिल्यांदा नीट टोचलं.

मग राहतात गावचे कागद. कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेमुळे हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. लिखाण बहुतेक मोडीत, तेव्हा वाचणारा सोबत हवा. आणि आडनावाने शोधणारा हमखास हात हलवत परततो, कारण नोंद असते 'रामा बिन भिवा' अशी. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. दोन पिढ्यांची जोडी जुळली तरच तो आपला रामा, नाहीतर गावात रामा चार. पुन्हा ही बुकं घाटाच्या कामानंतरची, त्यामुळे तिथे भेटेल तो म्हातारा होऊन घरी मेलेला. तळावर पटकीने गेलेला माणूस गावच्या वहीत येणार कुठून. आत्या जे सांगायची त्या दोघा भावांपैकी एकाचं... असो.

उरली नाशिकची वही. आता जरा हसू येतंय, कारण आपली माणसं तिथे निघतील अशीच शक्यता जास्त. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गावावार लावलेल्या असतात. रामकुंडावर गाव, आडनाव, जात सांगितली की तुमच्या गावचा उपाध्याय कोण ते कळतं. यात्रेला आलेल्याने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव घातलेलं असतं, कधी चुलत्यांचंही. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवायचे. तिथे पगार नाही, हुद्दा नाही, रेल्वे तर नाहीच. पण शेजारणीच्या त्या सुरेख ओळीत गार्डाच्या भावांची नावं कुठे आहेत? विचार म्हणावं त्याला आजोबांचं नाव.

हे लिहून जरा बरं वाटलं. हेवा गेला नाहीये.

नितीन पुढच्या महिन्यात नाशिकला चाललाय, त्याला आजच सांगायला हवं. हल्लीचं गाव सांगू नकोस, मूळ गाव सांग, जुन्या तालुक्यासकट. ठाऊक असलेली सगळी नावं कागदावर उतरवून ने, तिथे ऐनवेळी आठवत नाहीत. सगळ्यात जुन्या पानाचा फोटो काढू द्याल का असं आधी विचार, नाही म्हणाले तर बसून उतरवून घे. आपली नोंद घालताना मुलींची नावंही घाल. आणि आजीच्या माहेरचं विचारायचं असेल तर वेगळा वेळ काढ, गाव बदललं की उपाध्यायही बदलतो.