थ्रिलर चालत नाही म्हणे

रविवार, रात्री उशिरा

इथे नेदरलँड्समध्ये लेकीच्या मागे आता शाळेतल्या डच विषयाची वाचनयादी लागलीये. ती व्हीडब्ल्यूओला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेला, म्हणून परीक्षेपर्यंत किमान 12 साहित्यकृती, त्यातल्या 3 तरी 1880 च्या आधीच्या. हावोवाली, म्हणजे त्याखालच्या शाखेतली, मैत्रीण 8 वर सुटणार म्हणून हिची चिडचिड. हिने हौसेने यादीत सास्किया नोर्ट या लेखिकेची एक थ्रिलर टाकली तर बाई म्हणाल्या, हे लेक्टूर, टाइमपासवालं, यादीत नाही चालणार. आता कव्हरवर ठळक छापलंय 'लिटरेरी थ्रिलर', प्रकाशकच दोन डगरींवर पाय ठेवून उभा, पोरीने काय समजायचं?

इथे साहित्य आणि टाइमपास ही वाटणी कॅलेंडरातसुद्धा आहे. मार्चमध्ये बूकनवेक, म्हणजे पुस्तक सप्ताह, डच पुस्तकांवर ठरावीक रक्कम खर्च केली की एक छोटं पुस्तक फुकट, आणि कित्येक वर्षं त्यातल्या एका रविवारी तेच दाखवून ट्रेनने फुकट फिरता यायचं. थ्रिलरवाल्यांचा उत्सव वेगळा, जूनमध्ये.

आणि 2013 मध्ये इथल्या संशोधकांनी मोठा सर्व्हे केला होता, 401 कादंबऱ्या, 13,000 च्या वर वाचक, कुठलं पुस्तक किती 'साहित्यिक' ते 1 ते 7 मध्ये सांगा. लोकांनी न वाचलेल्या पुस्तकांनासुद्धा बिनधास्त मार्क दिले 😄 लेखिकांच्या पुस्तकांना साहित्यिक म्हणून एकूण कमीच मार्क. मला नवल नाही वाटलं, हेर्मान्स, मुलिश, रेव्ह हे इथले 'मोठे तीन' लेखक, तिघेही पुरुष, आणि नोर्टबाईंना 'बायकांचं वाचन' म्हणून बाजूला सारायला किती वेळ लागतो? मजकूर वाचायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो असं माझं मत झालंय.

माझं स्वतःचं डच तर बुकेतरेक्सवर सुधारलं, 1975 पासून निघणाऱ्या त्या पातळ रोमान्सच्या पुस्तकांवर, क्रिंगलोपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, चिल्लर देऊन गठ्ठाच मिळतो. डॉक्टर, इस्टेट, गैरसमज, लग्न. पण त्यातले संवाद जसेच्या तसे ऑफिसात वापरता येतात (लग्नाचे सोडून), मुलिशचं वाक्य लंच टेबलावर कोण बोलणार. तरी ट्रेनमध्ये मी ती कव्हर आत दुमडून वाचायचे, हेही खरंच.

लेक आता म्हणतेय आधी 1880 च्या आधीचं एक उरकते, मुलतातुली या डच लेखकाचं 'मॅक्स हावेलार', 1860 चं, जावाच्या कॉफीवरचं. पहिल्या प्रकरणातला कॉफीचा दलाल कादंबऱ्यांनाच शिव्या घालतो हे कळल्यावर तिला तो माणूस एकदम आवडलाय.