सातव्या फेरीतली चीर

गुरुवार, रात्री उशिरा

आज चांदीचा पेला हातचा गेला. काठाला जेमतेम तीन मिलिमीटरची चीर पडली, पण काठावरची चीर पुढच्या प्रत्येक घावाला खाली उतरत जाते. सपाट पत्र्यातून हातोडीच्या सात फेऱ्यांत वर आणलेलं भांडं, १६० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीपासून सुरू केलेलं. फार वाईट वाटलं.

चूक कुठे झाली ते मला पक्कं माहीत आहे. ठोकून ठोकून चांदी कडक होते, हातोडी उसळून परत यायला लागते आणि आवाज चिरका होतो. तिथेच थांबायचं, भांडं तापवून धातू पुन्हा मऊ करायचा. आज आवाज बदलला तो मी ऐकलाच नाही, कारण मी घाव मोजत होते.

मोजत होते ते याच कामावरच्या माझ्या संशोधन-निबंधासाठी. ‘आवाज बदलला की थांबावे’ असं मी त्यात लिहिलं होतं. परीक्षकाने समासात विचारलं, ‘बदलला म्हणजे नेमका कसा?’ आधी राग आला. ज्याने कधी हातोडी धरली नाही त्याला काय सांगायचं? पण प्रश्न रास्त होता, आणि वीस वर्षं हे काम करूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मोजणी. दर फेरीला किती घाव, कुठल्या घावाला धातू कडक झाला.

मायकल पोलानी मुळात रसायनशास्त्रज्ञ, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. १९५८ साली त्यांनी हातोडी आणि खिळ्याचंच उदाहरण दिलं: खिळा ठोकताना तळहाताला हातोडीचा दांडा जाणवत असतो, पण लक्ष खिळ्यावर असतं. लक्ष हातावर गेलं की काम अडखळतं. हे मी वर्गात किती वेळा शिकवलंय! आज ते माझ्या मनगटात कळलं.

दुपारी चांदी तापवताना विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, पुरेसं लाल झालं हे कसं ओळखायचं?” आम्ही दिवे मालवले होते, कारण उजेडात तो मंद लाल रंग दिसतच नाही. आकडा मी सांगू शकते: साधारण ६५० अंश सेल्सिअस. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते, पण आमच्या ९२५ च्या चांदीत हजारात ७५ भाग तांबं असतं आणि ८०० अंशांच्या आसपासच ती ढिली पडू लागते. म्हणजे चुकायला फार जागा नाही. पण ज्योतीपाशी आकडा दिसत नाही. मी म्हटलं, “आत्ता. बघ, आत्ता.” ज्योत बाजूला घेतली. तिने मान हलवली, आणि पुढच्या खेपेला माझ्याआधी तिनेच “आत्ता” म्हटलं. या ‘आत्ता’चा निबंध कसा लिहायचा, हे खरं माझं काम आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचं, कलेसाठीचं आणि कलेतून होणारं संशोधन असा भेद केला. त्यातलं तिसरं, म्हणजे काम करता करताच होणारं, मला हवंय, आणि तेच सर्वात अवघड जातं.

संध्याकाळी एक गोष्ट सुचली. तापवल्यावर काळवंडलेली चांदी सौम्य आम्लात टाकतात आणि ती पांढरी होईपर्यंत काही मिनिटं नुसतं थांबावं लागतं. इतकी वर्षं त्या वेळात मी टेबल आवरत आले. लिहायचं तर तेव्हा. घाव कानात ताजे असतात आणि हात रिकामे. ठोकताना फक्त ठोकायचं. मोजायचं काम ध्वनिमुद्रणावर सोपवायचं. घावांची संख्या नंतर त्यावरून काढता येईल.

आजचं ध्वनिमुद्रण आहेच. रात्री दोनदा ऐकलं. चिरका आवाज चीर पडण्याच्या कितीतरी आधीपासून स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यावरून माझाच पुटपुटता आवाज, एकशे बारा, एकशे तेरा. परीक्षकाला हवं होतं ते बहुतेक यातच आहे.

पेला वितळवायचा नाही, चिरेसकट फळीवर ठेवलाय. उद्या सकाळी नवी तबकडी कापायची.